प्रश्न, मध्यस्थ आणि संमती : डीबगरच्या संवादातील पृच्छांचा विचार

१. प्रास्ताविक

एका भाषेतील विधान दुसऱ्या भाषेत नेताना त्याचे काय होते, हा तौलनिक साहित्याभ्यासाचा परिचित प्रश्न आहे. प्रश्नवाक्याचे काय होते, याकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. विधान पोहोचवले की दुभाष्याचे काम संपते. प्रश्न पोहोचवला तर त्याचे काम अर्धेच झालेले असते, कारण उत्तर घेऊन त्याला परत यायचे असते. ज्याला विचारायचे तो जागेवर नसेल तर दुभाष्याने काय करावे? आपल्या कानावर पडलेले वाक्य हा प्रश्न आहे, हेच त्याला कळले नाही तर काय होईल? आणि त्याने स्वतःच उत्तर देऊन टाकले, तर ती संमती कोणाची मानायची?

हे प्रश्न संगणकाच्या एका अगदी व्यावहारिक क्षेत्रात गेली काही दशके प्रत्यक्ष सोडवले जात आहेत. आज्ञावलीतील दोष शोधणारे साधन, म्हणजे डीबगर, आणि त्याला चालवणारे चित्रमय दर्शनी आवरण यांच्यातील संवाद हे ते क्षेत्र होय. तेथे योजलेले उपाय संगणकतज्ज्ञांनी आपल्या सोयीसाठी योजले आहेत. तथापि संवाद, संबोधन आणि मध्यस्थी यांचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला त्यांत एक जुनाच प्रश्न नव्या स्वरूपात भेटतो. प्रस्तुत लेखात ‘जीडीबी’ या डीबगरचे उदाहरण घेऊन या उपायांचा क्रमाने परिचय करून दिला आहे.

२. दोघांमधला संवाद

जीडीबी हा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला. मुक्त आज्ञावलींच्या जगात तो आजही प्रमाण मानला जातो. दुसरी एखादी आज्ञावली आपल्या देखरेखीखाली चालवणे, ठरलेल्या जागी तिला थांबवणे आणि थांबलेल्या क्षणी तिच्या स्मृतीत काय आहे ते दाखवणे, ही त्याची मुख्य कामे. जेथे थांबायचे त्या जागेला ‘ब्रेकपॉइंट’ म्हणतात. चालत असलेल्या आज्ञावलीला ‘प्रक्रिया’ अशी संज्ञा आहे.

जीडीबीची मूळ घडण संवादाची आहे. टर्मिनलवर कंसातले त्याचे नाव उमटते आणि तो थांबतो. या खुणेला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. तिच्यात माहिती काहीच नसते. ‘ऐकतो आहे, बोला’ एवढेच ती सांगते. रोमान याकबसन यांनी १९६० मध्ये भाषेची जी सहा कार्ये सांगितली, त्यांपैकी केवळ संपर्क राखण्याच्या कार्याचे इतके शुद्ध उदाहरण क्वचितच सापडेल. माणूस एक आज्ञा टंकलिखित करतो, जीडीबी ती पाळतो, उत्तर छापतो आणि पुन्हा तीच खूण उमटते.

या मुख्य प्रॉम्प्टखेरीज आणखी काही दुय्यम प्रॉम्प्ट आहेत, आणि या लेखाचा विषय तेच आहेत. त्यांचे चार प्रकार करता येतात. पहिला प्रकार पृच्छेचा. सर्व ब्रेकपॉइंट पुसण्याची आज्ञा दिली, चालू प्रक्रिया ठार करायला सांगितले, किंवा ती पुन्हा आरंभापासून सुरू करायला सांगितले, तर जीडीबी आधी ‘खरोखर असे करायचे का?’ असे विचारतो आणि ‘वाय’ (होय) किंवा ‘एन’ (नाही) या अक्षराची वाट पाहतो. दुसरा प्रकार निवडीचा. एकाच नावाची अनेक फलने असतील तर त्यांची क्रमांकित यादी दाखवून ‘यांपैकी कोणते?’ असे विचारता येते. तिसरा प्रकार पानाचा. उत्तर पडद्याच्या उंचीपेक्षा लांब असेल तर जीडीबी मध्येच थांबतो आणि पुढे वाचायचे का असे विचारतो. चौथा प्रकार अपूर्ण वाक्याचा. ब्रेकपॉइंटवर थांबल्यावर कोणत्या आज्ञा आपोआप पाळायच्या, त्यांची यादी ओळीओळीने द्यावी लागते. ‘एंड’ हा शब्द येईपर्यंत जीडीबी वेगळी खूण दाखवत पुढच्या ओळीची वाट पाहतो.

हे चारही प्रकार दोघेच समोरासमोर असताना अत्यंत स्वाभाविक वाटतात. वाक्य अपुरे असेल तर ऐकणाऱ्याला पुढच्या शब्दाची अपेक्षा असते. मीमांसकांनी तिला ‘आकांक्षा’ म्हटले आहे. दुय्यम प्रॉम्प्ट म्हणजे यंत्राने प्रकट केलेली आकांक्षाच होय. अडचण सुरू होते ती तिसरा आल्यावर.

३. तिसऱ्याचे आगमन

चित्रमय आवरण हा तो तिसरा. माणूस आता आज्ञा टंकलिखित करत नाही. तो एका ओळीच्या बाजूला माऊसने टिचकी मारतो आणि तेथे लाल ठिपका उमटतो. त्या टिचकीची जीडीबीच्या भाषेतील आज्ञा आवरण तयार करते, ती जीडीबीकडे पाठवते, आलेले उत्तर वाचते आणि त्याचे पुन्हा चित्र बनवते. माणूस आणि जीडीबी यांची आता गाठ पडत नाही. आवरण हा पूर्णार्थाने दुभाष्या असतो.

या दुभाष्याची पहिली फजिती विरामचिन्हाच्या पातळीवर होते. आलेला मजकूर ओळीओळीने वाचणे ही आज्ञावलींची सामान्य रीत आहे: ओळ संपल्याची खूण आली की ओळ पूर्ण झाली असे समजायचे. पृच्छा मात्र ओळ पूर्ण करत नाही. उत्तर त्याच ओळीवर लिहायचे असल्यामुळे प्रश्नानंतर ती उघडी ठेवलेली असते. परिणामी आवरण ओळ संपण्याची वाट पाहत राहते आणि जीडीबी उत्तराची. दोघांपैकी कोणीही चुकलेले नसते, तरीही संवाद कायमचा थांबतो. माणसाला दिसते ते एवढेच, की खिडकी गोठली आहे. आपल्याला काही विचारले गेले होते, याचा त्याला पत्ताही नसतो.

या अडचणीवरचा एक जुना आणि कल्पक उपाय ‘डीडीडी’ या आवरणात दिसतो. आंद्रेआस त्सेलर आणि डोरोथेआ ल्युटकेहाउस यांनी जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठात १९९० च्या दशकात ते घडवले. डीडीडी जीडीबीला छद्म-टर्मिनलवर चालवते. समोर खरोखरचे टर्मिनल, म्हणजेच माणूस आहे, असे जीडीबीला वाटते आणि तो आपले प्रश्न मोकळेपणाने विचारतो. आलेल्या मजकुराच्या शेपटाकडे डीडीडीचे लक्ष असते. ‘वाय की एन’ असे विचारणारा ठराविक कंस तेथे दिसला की हा प्रश्न आहे असे ओळखून ते पडद्यावर होय-नाहीची संवादपेटी उघडते आणि माणसाने निवडलेले उत्तर जीडीबीला टंकलिखित केल्यासारखे पाठवते.

दुभाष्या येथे प्रामाणिक आहे: तो प्रश्न ओळखतो, पोहोचवतो आणि उत्तर परत आणतो. परंतु त्याचे आकलन संपूर्णपणे शब्दांच्या बाह्य रूपावर अवलंबून आहे. डीबगर बदलला किंवा प्रश्नाचे शब्द किंचित बदलले की ओळख हुकते. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. ज्या आज्ञावलीतील दोष शोधायचे आहेत तीही त्याच टर्मिनलवर लिहीत असते. तिनेच आपल्या वापरकर्त्याला ‘वाय की एन’ असे विचारले, तर तो प्रश्न जीडीबीचा नाही हे दुभाष्याने कसे ओळखावे? दोन वेगळ्या वक्त्यांचे आवाज एकाच कागदावर, वक्त्याचे नाव न लिहिता, लागोपाठ उतरत असतात. नाट्यसंहितेतून पात्रांची नावे काढून टाकावीत आणि केवळ संवाद उरावेत, तशी ही स्थिती. म्हणून अशा आवरणांत तपासल्या जाणाऱ्या आज्ञावलीला स्वतंत्र टर्मिनल देण्याची सोय ठेवावी लागते. जीडीबीत त्यासाठी वेगळी आज्ञा आहे आणि डीडीडीत वेगळी खिडकी.

४. आकाशभाषित

दुसरा उपाय जीडीबीने स्वतःच योजला आहे. आपल्यासमोर टर्मिनल आहे की नाही, हे संगणकप्रणालीला विचारून जीडीबीला कळू शकते. आवरणाने छद्म-टर्मिनलऐवजी साधी नळी जोडली असेल, म्हणजे एका आज्ञावलीचे प्रदान थेट दुसरीच्या आदानात सोडले असेल, तर समोर माणूस नाही असे जीडीबी मानतो. तो प्रश्न छापतो, पण थांबत नाही. प्रश्नापुढे चौकटी कंसात तो स्वतःच नोंद करतो की, अमुक उत्तर दिले गेले आणि आदान टर्मिनलवरून आलेले नाही. मग तो पुढे जातो. नळीपलीकडे असताना महत्त्वाचे संदेश हरवू नयेत म्हणून प्रश्न छापावा आणि गृहीत उत्तर आपणच द्यावे, असा या योजनेचा हेतू जीडीबीच्या मूळ संहितेतील टिपणीत नोंदवलेला आहे.

संस्कृत नाट्यपरंपरेच्या अभ्यासकाला ही रचना ओळखीची वाटेल. रंगमंचावर नसलेल्या पात्राशी बोलणे, त्याचा शब्द ऐकल्याचा अभिनय करणे आणि त्याचे म्हणणे स्वतःच उच्चारून पुढे जाणे, या संकेताला ‘आकाशभाषित’ म्हणतात. एकपात्री ‘भाण’ या रूपकप्रकारात तर विट जवळजवळ सर्व संवाद याच मार्गाने उभा करतो. प्रश्नही त्याचाच आणि उत्तरही त्याच्याच मुखातून. जीडीबीची चौकटी कंसातील नोंद हे यंत्राचे आकाशभाषित आहे.

मात्र दोहोंत एक निर्णायक भेद आहे. भाणातील आकाशभाषित प्रेक्षकांसमोर घडते. उत्तर नटाच्याच तोंडून आले हे सर्वांना दिसत असते आणि त्या संकेताला प्रेक्षकांची मान्यता असते. जीडीबीची नोंद मात्र आवरणाच्या हाती पडते. आवरणाने ती एखाद्या कोपऱ्यातील खिडकीत दाखवली तर माणसाला ती दिसेल; गाळून टाकली तर आपल्या नावे काही ठरवले गेले हे त्याला कधीच कळणार नाही. स्वयंचलित उत्तराचा खरा प्रश्न येथे आहे. उत्तर दिले जाते यापेक्षा ते कोणाच्या देखत दिले जाते, याला अधिक महत्त्व आहे.

हे गृहीत उत्तर कोणते असावे, हाही विचारपूर्वक ठरवलेला भाग आहे. जीडीबीच्या अंतर्रचनेत पृच्छेचे तीन प्रकार आहेत. साध्या पृच्छेला ठरलेले उत्तर नसते. माणसाने होय किंवा नाही म्हटलेच पाहिजे. माणूस नसेल तर तिचे उत्तर ‘होय’ धरले जाते. दुसऱ्या प्रकारात गृहीत उत्तर ‘होय’ असल्याचे प्रश्नातच दर्शवलेले असते आणि तिसऱ्यात ‘नाही’. उदाहरणार्थ, ज्या फलनावर थांबायचे ते अजून स्मृतीत आलेले नसेल, तर ‘एखादी सामायिक लायब्ररी पुढे कधी दाखल झाल्यास तेथे थांबावे का?’ असे जीडीबी विचारतो. या प्रश्नाचे गृहीत उत्तर ‘नाही’ आहे. नाव लिहिण्यात चूक झाली असण्याचा संभव असल्यामुळे हे संयुक्तिकच म्हणावे लागेल.

साध्या पृच्छेचा न्याय मात्र प्रथमदर्शनी उलटा वाटतो. सर्व ब्रेकपॉइंट पुसावेत का, प्रक्रिया ठार करावी का, असे सर्वांत विध्वंसक प्रश्न साधे आहेत. म्हणजेच माणूस नसताना त्यांचे उत्तर ‘होय’ ठरते. यामागील तर्क समजून घेण्यासाठी जीडीबीच्या संहितेतील एक बारीक तपशील पाहावा लागतो. आज्ञा पार पाडणाऱ्या प्रत्येक फलनाला आज्ञेच्या मजकुराबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली जाते: ही आज्ञा थेट टर्मिनलवरून, म्हणजे माणसाच्या हातून आली आहे का? सर्व ब्रेकपॉइंट पुसणारे फलन प्रथम हेच पाहते. आज्ञा माणसाच्या हातची नसेल, तर ते प्रश्नच विचारत नाही. आधी लिहून ठेवलेल्या आज्ञांची फाईल चालवताना खात्री करून घेणारे प्रश्न विचारले जात नाहीत, त्याचेही कारण हेच. माणसाची बोटे चुकतात, मन बदलते, सवयीने भलतीच कळ दाबली जाते; म्हणून त्याला पुन्हा विचारायचे. लिहून ठेवलेला मजकूर किंवा दुसरी आज्ञावली यांनी जे सांगितले, ते विचारपूर्वक सांगितले असे धरायचे. जे. एल. ऑस्टिन यांच्या परिभाषेत बोलायचे तर येथे उक्तीचे बळ तिच्या शब्दांवरून ठरत नाही, ती कोणाच्या तोंडून आली यावरून ठरते.

तर्क निर्दोष आहे, पण त्याचे गृहीतक चित्रमय आवरणाच्या बाबतीत खरे ठरत नाही. आवरणाने पाठवलेल्या आज्ञेमागे अखेर माणसाची टिचकीच असते, आणि टिचकीही चुकते. नळीच्या या टोकाशी आज्ञावली दिसते. तिच्यामागचा माणूस जीडीबीला दिसत नाही. विवेकाचे ओझे जीडीबीने खाली ठेवले आहे. ते आवरणाने उचलले नाही तर ते कोणाच्याच खांद्यावर राहत नाही.

येथे आणखी एका सोयीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. आवरणाला स्वतःच्या कामासाठी, उदाहरणार्थ एखाद्या चलाचे मूल्य ताजे करण्यासाठी, माणसाच्या नकळत आज्ञा पाठवाव्या लागतात. अशा आज्ञेच्या आरंभी ‘सर्व्हर’ हा शब्द जोडला की ती आज्ञांच्या इतिहासात नोंदली जात नाही आणि तिच्यासाठी खात्रीचा प्रश्नही विचारला जात नाही. मंचावरील इतरांनी न ऐकावे म्हणून एकाच्याच कानी बोलले जाणारे ते ‘जनांतिक’ होय.

५. रंगसूचना

प्रश्न कोणता आणि उत्तर कोणते, हे शब्दांवरून ओळखणे धोक्याचे. आणि प्रश्न गिळून टाकणे अप्रामाणिक. या दोहोंमधून वाट काढण्यासाठी जीडीबीत ‘भाष्यखुणां’ची पद्धत आली. ही पद्धत चालू केली की जीडीबी आपल्या नेहमीच्या मजकुरात ठिकठिकाणी खास खुणा पेरतो. प्रत्येक खूण नव्या ओळीवर, सामान्य मजकुरात सहसा न येणाऱ्या एका नियंत्रण-अक्षराच्या जोडीने सुरू होते. तिच्यापुढे खुणेचे नाव येते आणि ओळ संपते.

दुय्यम प्रॉम्प्टांसाठी या खुणा तीन-तीनच्या संचात येतात. पहिली खूण सांगते की आता प्रश्नाचा मजकूर सुरू होत आहे. दुसरी सांगते की मजकूर संपला, आता उत्तर अपेक्षित आहे. तिसरी सांगते की उत्तर मिळाले. मुख्य प्रॉम्प्ट, आज्ञांची यादी, नावांतील निवड, होय-नाहीची पृच्छा आणि पान उलटण्याची विचारणा, अशा पाच प्रसंगांना पाच वेगळी नावे आहेत. वर सांगितलेले चारही दुय्यम प्रकार येथे नाव धारण करून उभे राहतात.

नाट्यसंहितेतील रंगसूचनांशी या पद्धतीचे साम्य उघड आहे. संवाद तसेच्या तसे राहतात. त्यांच्या भोवती, पात्रांनी न बोलायचा पण दिग्दर्शकाने वाचायचा असा दुसरा मजकूर येतो. प्रश्नाचे शब्द बदलले तरी चालते, कारण तो प्रश्न आहे हे आता सूचनेतून कळते. दुभाष्याला अर्थ उमगायची गरज उरत नाही. वाक्याची जात त्याला सांगितली जाते.

पण मिश्रसंहितेची अंगभूत मर्यादाही लवकरच दिसून आली. माणसासाठी लिहिलेला मजकूर आणि यंत्रासाठी लिहिलेल्या सूचना एकाच प्रवाहात वाहत होत्या. सूचनांच्या ओळींमुळे पडद्यावरील ओळींची मोजदाद चुके. म्हणूनच जीडीबीची अधिकृत पुस्तिका आवरणांना सांगते की, पान उलटण्याच्या खुणेवर भिस्त ठेवू नये. पडद्याची उंची शून्य, म्हणजे अमर्याद, ठरवून तो प्रश्नच बंद करावा. हा सल्ला किरकोळ दिसला तरी पुढच्या टप्प्याची दिशा त्यात सूचित झालेली आहे: उत्तर देण्याची सोय करण्यापेक्षा प्रश्नाची गरजच नाहीशी करणे.

६. प्रश्नाविना भाषा

२००० च्या सुमारास जीडीबीत ‘एमआय’ नावाची, केवळ आवरणांसाठी घडवलेली भाषा आली. तिची पहिली स्थिर आवृत्ती २००१ मध्ये जीडीबी ५.१ बरोबर, दुसरी २००३ मध्ये ६.० बरोबर, तिसरी २०२० मध्ये आणि चौथी २०२३ मध्ये प्रसृत झाली. माणसाने वाचावी अशी ही भाषा नाही. तिच्यातील प्रत्येक ओळीच्या आरंभी एक चिन्ह असते आणि ते वक्ता सांगते: आज्ञेचा निकाल, प्रक्रियेच्या स्थितीतील बदल, सूचना, माणसाला दाखवायचा मजकूर, दूरस्थ यंत्राचे बोलणे, की जीडीबीच्या अंतर्गत नोंदी. नाट्यसंहितेत पात्राचे नाव आधी येऊन मग संवाद यावा, तशी ही मांडणी आहे. आज्ञेला क्रमांक जोडता येतो आणि निकाल तोच क्रमांक घेऊन परततो. मुख्य प्रॉम्प्टसुद्धा येथे ओळ पूर्ण करून येतो. ओळ संपण्याची वाट पाहत गोठून जाण्याचा जुना प्रसंग त्यामुळे टळतो.

खरा बदल मात्र व्याकरणात आहे. एमआयमध्ये जीडीबीकडून आवरणाकडे जाणारे प्रश्नवाक्य नाही. जेथे पूर्वी प्रश्न विचारला जाई, तेथे आता आज्ञेनेच उत्तर आधी सांगायचे असते. ब्रेकपॉइंट पुसण्याच्या आज्ञेत त्यांचे क्रमांक लिहावेच लागतात. ‘सर्व पुसावेत का?’ असे विचारायची वेळ येत नाही, कारण काय पुसायचे ते न सांगता आज्ञा पूर्णच होत नाही. ब्रेकपॉइंटवर पाळायच्या आज्ञांची यादी पूर्वी ओळीओळीने द्यावी लागे; आता ती एकाच आज्ञेत, अवतरणांत बांधून पाठवली जाते. सत्र संपवण्याची आज्ञा मिळाली की जीडीबी न विचारता संपतो. त्यानेच सुरू केलेली प्रक्रिया असेल तर ती मारली जाते, आणि आधीपासून चालू असलेल्या प्रक्रियेला तो जोडला गेला असेल तर तिला मोकळे सोडले जाते.

सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा न सापडलेल्या फलनाचेच आहे. एमआयमध्ये अशा फलनावर ब्रेकपॉइंट मागितला तर जीडीबी ‘पुढे कधी थांबू का?’ असे विचारत नाही. तो त्रुटी कळवतो. नाव सापडले नाही तरी ब्रेकपॉइंट प्रलंबित ठेवायचा असेल, तर आज्ञेत तसा विकल्प आधीच लिहायचा असतो. एका प्रश्नवाक्याची येथे दोन वाक्ये झाली आहेत: नकार देणारे एक विधान आणि दुरुस्त करून पुन्हा दिलेली एक आज्ञा. या दोहोंच्या मध्ये जी मोकळी जागा आहे तेथे आवरणाने माणसाला विचारायचे असते. संवादपेटी आता आवरणाची स्वतःची असते. तिचे शब्द, तिची भाषा, तिची वेळ, सारे आवरण ठरवते. पृच्छेचा अनुवाद येथे होत नाही. तिचे कर्तृत्वच दुभाष्याकडे सोपवले जाते.

याच दिशेने निवडीचा प्रश्नही सोडवला गेला. एका नावाची अनेक फलने असतील तर काय करावे, हे एका मांडणीने आधीच ठरवता येते: सर्वांवर थांबावे, विचारावे, किंवा आज्ञा रद्द करून त्रुटी कळवावी. जुन्या आवृत्त्यांत यादी समोर येई. आताच्या आवृत्त्यांत ‘सर्व’ हे गृहीत आहे.

इमॅक्स या संपादकाचा प्रवास या दोन टप्प्यांमधील अंतर दाखवतो. २००७ च्या त्याच्या बाविसाव्या आवृत्तीतील जीडीबीचे आवरण भाष्यखुणांवर उभे होते. २०१२ च्या चोविसाव्या आवृत्तीत त्याची जागा एमआयवर आधारलेल्या आवरणाने घेतली.

७. माणसाचे पुनरागमन

प्रश्नाविना भाषा दोन आज्ञावलींना पुरेशी असली, तरी अनुभवी वापरकर्त्याला मूळ जीडीबीशी थेट बोलायची गरज अधूनमधून भासतेच. त्यासाठी आवरणे एक लहान खिडकी ठेवत आणि तिच्यात टंकलिखित केलेली आज्ञा एमआयच्या वेष्टनात गुंडाळून पाठवत. परंतु वेष्टनातून आलेली आज्ञा जीडीबीच्या लेखी टर्मिनलवरची नसे. त्या खिडकीत माणूस स्वतः बोलत असूनही त्याच्या वाट्याला आकाशभाषितच येई.

२०१६ मध्ये प्रसृत झालेल्या जीडीबी ७.१२ ने यावर वेगळी तोड काढली. त्या आवृत्तीपासून एकाच जीडीबीला दोन वाहिन्यांवर दोन भाषांत बोलता येते. मुख्य वाहिनी खऱ्या टर्मिनलची असते; तेथे माणूस बोलतो, त्याला प्रश्न विचारले जातात आणि उत्तराची वाटही पाहिली जाते. दुसऱ्या वाहिनीवर आवरण एमआयमध्ये बोलते. त्या वाहिनीवर प्रश्न उद्भवलाच, तर त्याचे गृहीत उत्तर दिले जाते. एक्लिप्समधील सी व सी++ साठीच्या आवरणाने ही सोय स्वीकारली. प्रश्न कोणाला विचारता येतो आणि कोणाला नाही, हे प्रथमच वाहिनीवरून ठरले.

यानंतरचा टप्पा मायक्रोसॉफ्टने मांडलेल्या आणि अनेक संपादकांनी अंगीकारलेल्या ‘डीएपी’ या संकेतभाषेचा. २०२३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या जीडीबी १४.१ मध्ये तिला अंतर्भूत आधार मिळाला. तिच्यात ब्रेकपॉइंटबरोबर तो ‘पडताळलेला’ आहे की नाही, एवढी खूण येते. पूर्वी जो प्रश्न होता, तो येथे एक अवस्था बनला आहे. संपादक ठिपका फिका दाखवतो आणि माणूस सवडीने त्याकडे पाहतो. तथापि काही प्रसंगी डीबगरच्या बाजूनेच संपादकाला विनंती करावी लागते, उदाहरणार्थ तपासायची आज्ञावली संपादकाच्या टर्मिनलमध्ये चालू करून देण्याची. अशा उलट्या विनंत्यांसाठी या भाषेत मोजके, नाव दिलेले प्रकार राखून ठेवले आहेत. प्रश्न विचारायला मुभा आहे, पण तो कोणता असू शकतो हे आधी ठरलेले आहे.

८. समारोप

या सर्व उपायांतून एक तत्त्व हळूहळू स्पष्ट होत गेलेले दिसते: प्रश्न जेथे माणूस आहे तेथेच विचारला गेला पाहिजे, आणि मध्यस्थाच्या पलीकडे जायचा तो पूर्ण झालेला निर्णय. डीडीडीने प्रश्न शब्दांवरून ओळखून माणसापर्यंत आणला. नळीने तो गिळला, पण गिळल्याची नोंद ठेवली. भाष्यखुणांनी त्याला नाव दिले. एमआयने त्याची जागा हलवली आणि दुहेरी वाहिनीने माणसाला त्याची स्वतःची जागा परत दिली.

या प्रवासात काही गमावलेही आहे. जीडीबीला प्रक्रियेची जी प्रत्यक्ष जाण असते ती आवरणाला नसते. नेमके काय धोक्यात आहे हे ज्याला ठाऊक, त्याने विचारायचे थांबवले आहे. आणि ज्याने विचारायचे, त्याला ते ऐकीव माहितीवरून ठरवावे लागते. निष्काळजी आवरण न विचारता पुसते. अतिदक्ष आवरण इतके विचारते की माणूस न वाचताच ‘होय’ म्हणू लागतो, आणि संमती पुन्हा एकदा आकाशभाषित होते. फरक इतकाच, की या वेळी ते माणसाच्या तोंडून होते.

दुभाष्याच्या नीतीचा विचार करताना निष्ठा हा निकष सहसा पुढे ठेवला जातो, आणि निष्ठेचे मोजमाप मूळ शब्दांशी असलेल्या जवळिकीने केले जाते. प्रश्नवाक्याच्या बाबतीत हे मोजमाप अपुरे पडते, हे या लहानशा तांत्रिक इतिहासावरून दिसून येते. प्रश्नाशी निष्ठा म्हणजे उत्तर देण्याच्या अधिकाराशी निष्ठा होय. ज्याचे ब्रेकपॉइंट पुसले जाणार आहेत, ज्याची प्रक्रिया मारली जाणार आहे, त्याच्यापर्यंत तो प्रश्न त्याला कळेल अशा रूपात पोहोचला का आणि उत्तर त्याने स्वतः दिले का, हे तेथे पाहावे लागते. शब्द मूळचे राहिले की नाही, हा त्यानंतरचा विचार ठरतो.